दर्या जागा, कायदा निद्रिस्त

मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन करून शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. मराठी आरमार उभे राहिले ते कोकणातील दर्यावर्दी समाजाच्या बळावर. त्याच परंपरेतील गाबित मच्छीमारावर आज आपल्याच दारातील समुद्रात उपरे होण्याची पाळी आली आहे.

रापण ही केवळ मासे पकडण्याची रीत नव्हे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोकांचे दोर अनेकांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचे आणि आलेल्या मासळीचे ठरलेले वाटे करायचे. सहकाराचा कायदा जन्मण्यापूर्वीचा हा सहकार! किनाऱ्याशी येईल तेवढेच घ्यावे, हा संयम त्यात अंगभूत आहे. पर्ससीन जाळे मात्र बांगड्याच्या अख्ख्या थव्याला वेढते. तळाचा दोर आवळला की सुटका नाही. त्यात एलईडी दिव्यांचा झोत सोडला की लहानमोठी सारी मासळी उजेडाकडे ओढली जाते. आजची कमाई उद्याचे बियाणे खाऊन होते.

कायद्यांची वाण आहे काय? मुळीच नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर पर्ससीनवर २०१६ मध्ये निर्बंध आले. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने दंड लाखांच्या घरात नेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंतचा. त्यापलीकडेही एलईडीला मज्जाव करणारे नियम केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढले. आता हद्दीची सबब उरलेली नाही. उणीव आहे ती अंमलबजावणीच्या इच्छाशक्तीची. ड्रोनला नौका दिसते. पण ती पकडण्यासाठी वेगवान गस्तीनौका आणि खंबीर अधिकारीच लागतो.

‘पारंपरिक मच्छीमार प्रगतीच्या आड येतात’ असा एक युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. याच मच्छीमाराने होडीला यंत्र बसवले, नायलॉनचे जाळे स्वीकारले. त्याचा विरोध यंत्राला नाही, ओरबाडण्याला आहे. पर्ससीन मालकही याच मातीतले, त्यांच्याही डोक्यावर कर्ज आहे, हे खरे. पण समुद्र रिता झाल्यावर ते कर्ज फिटणार कशातून? उलट, कायदा निजला की भर समुद्रात नौकेसमोर नौका उभी ठाकते आणि भावाविरुद्ध भाऊ. संघर्षाचे गुन्हे मात्र बहुधा गरिबाच्या माथी येतात.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु शेतच लुटले जात असेल, तर शेतकऱ्याला सवलती देऊन काय साधणार?

सिंधुदुर्ग पाहण्यास दरवर्षी असंख्य कुटुंबे मालवणास येतात, इतिहासाने भारावतात आणि बांगड्याचा आस्वाद घेऊन परततात. त्यांनी तटबंदीवरून क्षणभर किनाऱ्याकडेही पाहावे. दुर्ग जतन करायचा आणि दर्यावर्दी समाज उद्ध्वस्त होऊ द्यायचा, याला शिवभक्ती म्हणत नाहीत. शासनाने आपलाच कायदा पाळून दाखवावा. समाजाने त्यासाठी मच्छीमाराच्या पाठीशी संघटितपणे उभे राहावे.