तिसरे वाचन



माझ्या फळीवरची तीन पुस्तके पुन्हा पुन्हा खाली उतरतात: ‘श्यामची आई’, ‘बनगरवाडी’ आणि वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१).

अमेरिकेतल्या या निग्रो कृषिशास्त्रज्ञाचे चरित्र प्रथम वाचले, तेव्हा त्यांनी भुईमुगापासून केलेल्या नाना वस्तूंचे नवल वाटले. दुसऱ्यांदा उमगले, की कापसाने खंगलेल्या जमिनीला त्यांनी भुईमुगाचा बेवड सुचवला. तिसऱ्यांदा मात्र खजील झालो. टस्केगीची शेतीशाळा १९०६ साली गाडीत बसून शेतकऱ्याच्या दारी गेली. अन् मी तुम्हांला चावडीवर बोलावून भाषणे देत होतो! तेव्हापासून आधी बांधावर येतो, मग बोलतो.

पुस्तक हवे तर न्या, घरात मोठ्याने वाचा. परत मात्र आणा. माझे चौथे वाचन राहिले आहे.