ठाणेदारसाहेब, आता लिहा!

आमच्या राळेगावात रिटायर होणाऱ्या माणसाचा कार्यक्रम ठरलेला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, एक ग्रुप फोटो. पोलिसातला माणूस असेल तर भाषणात ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द चार वेळा. दुसऱ्या दिवसापासून साहेब ओट्यावर बसून पेपर वाचायला मोकळे. ‘आता काय करता?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही बावा, आराम!’

आराम कसला? मला तर वाटतं, इतिहास लिहायला पोलिसाइतका तयार माणूस दुसरा नाही. बघा ना. पंचनामा म्हणजे काय? जागेवर जाऊन, पंचांसमोर, जे दिसलं तेवढंच लिहायचं. जबाब घेताना ‘तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस?’ हा पहिला प्रश्न. इतिहास संशोधकाचा फंडा तरी वेगळा काय असतो?

तुम्ही म्हणाल, उदाहरण द्या. घ्या एकदम तगडं. स्टीफन मेरेडिथ एडवर्ड्स. मूळचे सनदी अधिकारी, १९०९ ते १९१६ मुंबईचे पोलिस आयुक्त. त्याआधीच, १९०१ च्या जनगणनेच्या कामातून त्यांनी ‘द राइज ऑफ बॉम्बे’ लिहून काढलं होतं. मुंबई शहराच्या गॅझेटियरचे तीन खंडही त्यांच्याच हातचे. आयुक्त असताना १९१२ मध्ये ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ आलं, त्यात शहराच्या गल्लीबोळांची शब्दचित्रं. नोकरी संपल्यावर तर गडी सुटलाच. ग्रँट डफने १८२६ मध्ये लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासाची टिपांसह नवी आवृत्ती त्यांनी १९२१ मध्ये काढली. १९२३ मध्ये मुंबई पोलिसांचा १६७२ पासूनचा इतिहास लिहिला. १९२७ मध्ये वारले, तेव्हा वय पन्नाशीच्या थोडंसंच पुढे. आपण या वयात कार लोन फेडत असू!

पण थांबा, सरसकट सलाम ठोकायचा नाही. १९११ च्या मोहरममध्ये मुंबईत गोळीबार झाला, तेव्हा पोलिस आयुक्त एडवर्ड्सच होते. आणि त्या दिवसांची हकीकत पुस्तकात लिहिणारेही तेच. म्हणजे तपास अधिकारी तेच, साक्षीदार तेच. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांचं म्हणणं त्या पानांवर कितीसं असणार? अशा पुस्तकाचा आदर करायचा तो त्याची उलटतपासणी घेऊनच. फौजदार रागावणार नाही, त्याला सवय असते.

आणि म्हणूनच दुसरी बाजूही लिहिली गेली पाहिजे. ती साहेबाच्या बंगल्यातून नाही, आपल्या तालुक्यातून. वऱ्हाडात पोलिस पाटील आणि मुलकी पाटील वेगळे असत, हे आज किती जणांना माहीत आहे? गावोगावचे वाद, जत्रांचा बंदोबस्त, दुष्काळातल्या चोऱ्या, कापसाच्या सीझनमधली भांडणं हे सगळं ठाण्याच्या डायरीत येतं तेवढंच कागदावर उरतं. बाकीचं हवालदाराच्या डोक्यात. हवालदार गेला की केस कायमची बंद.

यवतमाळला अभ्यासाची परंपरा नाही असंही नाही. डॉ. य. खु. देशपांडे यांनी इथेच बसून महानुभावांच्या पोथ्या धुंडाळल्या, शारदाश्रमासारखी संस्था उभी केली. त्यासाठी पुण्या-मुंबईला फ्लॅट घ्यावा लागला नाही.

तेव्हा बॉस, या दिवाळीत गावी गेलात की एक काम करा. गल्लीतल्या रिटायर्ड जमादार काकांकडे फराळाला जा. मोबाइलचा रेकॉर्डर त्यांना विचारून सुरू करा. पहिली पोस्टिंग कुठे, तेव्हा गाव कसं होतं, एवढंच विचारा. पुढचं ते सांगतील. मग तेच प्रश्न त्यांच्या समोर कधीकाळी आरोपी म्हणून उभा राहिलेल्या म्हाताऱ्यालाही विचारा. दोन्ही जबाब जुळले नाहीत तर समजा, इतिहासाला सुरुवात झाली.

शाल कपाटात जाते, नारळाची चटणी होते. सत्कारच करायचा तर काकांच्या हातात एक कोरी वही द्या.