पिकअपची किंकाळी

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची पेढी आहे, आणि पेढीच्या दारात पंधरा वर्षे झिजलेली एक डिझेल पिकअप उभी असते. गेल्या हिवाळ्यात ती रोज सकाळी सुरू होताच किंचाळू लागली. मिनिटभर कर्कश आवाज, मग शांतता. थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, फॅन बेल्ट बदलून घेतला. आठ दिवस गाडी गप्प राहिली. नवव्या दिवशी पुन्हा तेच.

वाचकहो, पुष्कळांची चूक येथेच होते, म्हणून हा विषय घेतला. किंचाळतो तो पट्टा खरा; पण तो का किंचाळतो, हा प्रश्न निराळा. थंड इंजिन सुरू करताना स्टार्टर बॅटरीतील बरीच वीज खर्च करतो. ती भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर एकदम भार येतो, त्याची पुली जड होते आणि पट्टा तिच्यावरून घसरतो. दिवे किंवा एसी लावताच आवाज वाढला, तर ही घसरण आहे असे समजावे. मग पट्टा ढिला आहे, घासून काचेसारखा गुळगुळीत झाला आहे, त्यावर तेल गळले आहे, की ज्या चाकावरून तो फिरतो ते चाकच अडखळते आहे, हे शोधायचे.

एक साधी परीक्षा आहे. चालू इंजिनच्या पट्ट्यावर दुरून बाटलीने थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नसण्याचा संशय घ्यावा. उलट वाढला, तर ताण कमी आहे. उपरणे, ओढणी, सैल बाही मात्र इंजिनपासून लांब ठेवावी. पट्ट्याला साबण चोळणारे महाभाग आजही भेटतात. त्याने आवाज दबतो, दोष जागच्या जागी राहतो. पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणणे हे त्याहून वाईट, कारण मग बेअरिंगच बळी पडतात.

(क्लचचे पेडल दाबतानाच आवाज येत असेल, तर पट्ट्याकडे पाहूच नये, ते क्लचच्या बेअरिंगचे काम.)

आमच्या मिस्त्रींनी इंजिन बंद करून पट्टाच काढला आणि एकेक पुली हाताने फिरवली. पाण्याच्या पंपाची पुली निमूट फिरली; तिच्याखाली कूलंट पाझरल्याचा डागही नव्हता. अल्टरनेटरची मात्र वाळूत फिरवावी तशी खरखरत होती.

“अण्णा, पट्टा बिचारा काय करील? इथं हात लावून बघा.”

अण्णांनी हात लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे हळदीची पोती घेऊन गाडी आंबा घाटातून रत्नागिरीकडे उतरायची होती. “एवढी खेप होऊ दे, परत आल्यावर बघू,” ते म्हणाले. सौदा ठरलेला होता, भाड्याची गाडी घ्यायची तर नफ्यातला मोठा वाटा जाणार होता.

मिस्त्रींनी अल्टरनेटरच्या पाठीमागे बोट दाखवले. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप तेथेच, त्याच आसावर बसवलेला असतो. बेअरिंग जाम झाले की पट्टा जळून तुटतो, आणि पंप थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एकदोनदा हलका लागतो. त्यानंतर पेडल दगडासारखे होते. ब्रेक जात नाही, पण भरलेली गाडी उतारावर थांबवायला पायात जे बळ लागते ते सर्वांच्या पायात नसते. त्यातच पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल, तर इंजिनही तापते. आजवर आम्ही या किंकाळीकडे फार तर बॅटरीची तक्रार म्हणून पाहत होतो.

अण्णा काही बोलले नाहीत. आमचा चालक गेली अकरा वर्षे आमच्याकडे आहे. तो बाजूला उभा राहून सारे ऐकत होता, आणि त्याने एक शब्दही काढला नाही. अण्णांनी त्याच्याकडे पाहिले, खिशातून मोबाइल काढला आणि भाड्याची गाडी सांगितली.

बेअरिंग बदलून दुसऱ्या संध्याकाळी पिकअप परत आली. नवा पट्टा तसाच ठेवला, फक्त मिस्त्रींनी ताण पुन्हा तपासून दिला. जुना अजून शाबूत होता. तो आता अडीअडचणीसाठी, पान्यासह, चालकाच्या सीटखाली गुंडाळून ठेवलेला आहे.