पू काढला, पण तो आला कुठून?

थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, अन्नावरची वासना उडालेली. परभणी, जिंतूर वा गंगाखेडच्या दवाखान्यात असा रुग्ण आला की सोनोग्राफी होते आणि यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, गळू दिसते. आपल्याकडे त्यामागे बहुधा अमिबा असतो. मेट्रोनिडॅझोलने बहुतेक रुग्णांना उतार पडतो. काहींना मात्र पडत नाही. सुईतून येणारा पू नेहमीसारखा चॉकलेटी नसतो. तो पिवळसर असतो, कधी त्याला घाण वासही येतो. अशा वेळी जिवाणूंचा संशय घ्यावा लागतो.

हे जिवाणू बहुधा दुसरीकडून यकृतात आलेले असतात. आतड्यांतले रक्त पोर्टल व्हेन या शिरेतून आधी यकृतातच जाते. १९३८ साली ऑक्सनर आणि डिबेकी या अमेरिकी शल्यविशारदांनी अशा रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा सुजलेले अपेंडिक्स हे प्रमुख कारण होते. आज पित्तनलिकेतले खडे आणि अडथळे पुढे आले आहेत. किडलेल्या दाढेतून किंवा हृदयाच्या झडपेवरूनही जंतू रक्तावाटे पोचतात.

म्हणून जिवाणूचे नाव कळणे मोलाचे. स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस सापडला तर तोंड आणि आतडी तपासावीत. क्लेब्सिएला असेल तर रक्तातली साखर पाहावीच. शिवाय क्वचित मोठ्या आतड्यातला, अजून लक्षणे न दिलेला कर्करोग मुळाशी असतो. क्लेब्सिएला डोळ्यात उतरला तर दृष्टी जाऊ शकते.

शेतीच्या जिल्ह्यात आणखी एक नाव ध्यानात ठेवावे: मेलिऑइडोसिस. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये रंगूनमधील रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. त्याचा जंतू माती-पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्या मधुमेहींना अधिक गाठतो. महाराष्ट्रातही असे रुग्ण आढळले आहेत. प्रयोगशाळेत तो कधी बाहेरून मिसळलेला जंतू समजून दुर्लक्षिला जातो. नेहमीची अनेक प्रतिजैविके त्याच्यावर चालत नाहीत, आणि योग्य उपचारही काही महिने घ्यावे लागतात.

गळू रिकामे केले की काम झाले, ही समजूत म्हणूनच घातक आहे. रुग्ण अत्यवस्थ असेल तर औषधाला उशीर नको. पण शक्य तिथे पहिल्या डोसआधीच रक्ताचा नमुना आणि सुईने काढलेला पू कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, जायला हवा. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ही तपासणी तालुक्याच्या रुग्णालाही तिथे सहज मिळाली पाहिजे. नातेवाइकांनीही डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: पू कल्चरला पाठवला का, आणि जंतू आला कुठून?