ज्याची डाळ त्याचं सांबार

आमच्या बिलोलीत वाद घालायला विषय लागत नाही, बाकडं लागतं. चौघांच्या बाकड्यावर सहाजण बसले की पाऊस, कापूस, जावई आणि सरकार या चारही बेभरवशाच्या गोष्टींचा निकाल अर्ध्या तासात लागतो. हल्ली मात्र त्या बाकड्यावर सांबार येऊन बसलं आहे. खायला नव्हे, सांबार मूळचं कोणाचं, हे ठरवायला. आणि निकाल दर वेळी एकच लागतो. सांबार आपलं, मराठ्यांचं. दक्षिणेकडच्या लोकांनी ते आपल्याकडून नेलं आणि आपल्यालाच इडलीबरोबर विकलं!

हा शोध गावात आणला तो आमच्या हिच्या एका मावसभावानं. ते असतात पुण्याला. सुट्टीत येतात, येताना बाकरवडी आणि इतिहास आणतात. बाकरवडी दोन दिवसांत संपते. इतिहास मात्र गावाला वर्षभर पुरतो.

"दाजी," ते मला म्हणाले, "संभाजी महाराज तंजावरला पाहुणे गेले. तिथं शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटी चालली होती. ऐन वेळी आमसुलं संपली. मग घातली चिंच! पाहुणे खूश झाले, म्हणून त्यांच्या नावावरून सांबार. आता बोला."

आता बोलतो.

गोष्ट झकास आहे. तिला फक्त आधार नाही. हे शहाजीराजे म्हणजे व्यंकोजीराजांचे चिरंजीव. ते तंजावरच्या गादीवर आले १६८४ साली. संभाजी महाराजांची हत्या झाली १६८९ साली. मध्ये उरली पाच वर्षं. त्या पाच वर्षांत औरंगजेब सगळा लवाजमा घेऊन दख्खनेत ठाण मांडून बसला होता. आणि आमचे बाकड्यावरचे इतिहासकार महाराजांना आमटी चाखायला थेट कावेरीकाठी धाडतात! त्या पंगतीचा एकही समकालीन कागद नाही. ज्या राजानं राज्यावर आल्यापासून तलवार खाली ठेवली नाही, त्याच्या नावावर पळी चढवायची, हा कुठल्या जातीचा अभिमान?

बरं, शब्दाचं म्हणाल तर 'संभार' म्हणजे जमवलेलं साहित्य. मसाल्यालाही आपल्याकडं संभार म्हणत. विदर्भात आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नावावरूनच मालकी ठरणार असेल, तर मग नागपूरच्या भाजीवाल्या मावशींनी सगळ्या मद्रासवर दावा लावायला हरकत नाही.

तंजावरच्या मराठ्यांनी दक्षिणेला काही दिलं नाही असं माझं म्हणणं नाही. भरपूर दिलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आहे, त्यात मराठी हस्तलिखितं आहेत. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा भला मोठा मराठी शिलालेख आहे. पण त्याचं नाव बाकड्यावर कोणी काढत नाही. कारण उघड आहे. ग्रंथालय इडलीबरोबर खाता येत नाही.

आणि खरी गंमत त्या आमसुलात आहे. आमसुलं संपली म्हणून चिंच घातली आणि सांबाराचा शोध लागला, असं घटकाभर धरून चालू. आमच्या बिलोलीत आमसुलं संपत नाहीत, कारण ती मुळात असतच नाहीत. कोकम कोकणात. आमच्याकडं बांधाबांधावर चिंच. आमच्या आज्या-पणज्यांनी वरणाला आंबटपणा आणला तो चिंचेनंच. म्हणजे पुण्याच्या पाहुण्यांच्या न्यायानं पाहिलं तर सांबाराचा शोध आमच्या गावात रोज सकाळी अकराच्या सुमाराला, दर घरी, स्वतंत्रपणे लागत आला आहे. त्याबद्दल आजवर एकाही बाईचा सत्कार झाल्याचं ऐकिवात नाही.

सत्कार राहू द्या, उलट ऐकून घ्यावं लागतं. आमच्या हिचं माहेर बोधनचं. बोधन म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण राज्य दुसरं. पूर्वी अलीकडं-पलीकडं सगळं निजामाचंच होतं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं आणि मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कलं तिकडं आंध्रात गेली. २०१४ साली त्या बाजूचं तेलंगण झालं. पाट्या बदलल्या, मोटारींचे नंबर बदलले. फोडणी कोणी बदलली नाही. तिकडं वरणाला पप्पू म्हणतात, चिंचेच्या पातळ आंबटतिखट पाण्याला चारू म्हणतात, आणि त्या चारूत डाळ घोटून घातली की पप्पुचारू. कर्नाटकात त्याच घराण्यातला सारू आहे, आपल्याकडं सार आहे. सार, सारू, चारू! तीन राज्यांत दिलेल्या तीन सख्ख्या बहिणी वाटाव्यात, अशी ही नावं.

तर ही पप्पुचारू करते. उत्तम करते. पण त्याचा वास भिंतीपलीकडं गेला, की शेजारच्या काकू दारात उभ्या राहतात.

"कामून हो, आज बी तेलंगीच का स्वयंपाक?"

त्या 'तेलंगीच'मधला 'च' फार तिखट असतो. धर्माबादच्या मिरचीला ऐकत नाही. याच काकू नांदेडला दवाखान्याच्या कामासाठी गेल्या, की येताना हॉटेलात शिरतात आणि रसम मागवतात. वाटीभर. पैसे मोजून. आणि आल्यावर चार दिवस त्या रसमचं कौतुक सांगतात. घरी केला तर चारू, म्हणून तेलंगी. हॉटेलात आला तर रसम, म्हणून साऊथ इंडियन! आमच्या शाळकरी मुलीनंसुद्धा एकदा डबा उघडायला नको म्हणून परत आणला. "बाकीच्या पोरी हसू लालत्या," म्हणाली. तेव्हापासून हा विषय माझ्या दृष्टीनं विनोदाचा राहिलेला नाही. बाकड्यावरची मंडळी म्हणतात सांबार आपलं. आणि त्यांच्याच घरातल्या पोरी सांबाराच्या सख्ख्या बहिणीला डब्यात बघून नाकं मुरडतात.

मुंबईनं हेच पूर्वी मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. माटुंग्याला उडुपी खाणावळी स्वातंत्र्याच्या आधीपासून होत्या. १९६० नंतरच्या दशकात दाक्षिणात्यांविरुद्ध घोषणा झाल्या, उडुपी हॉटेलांवर दगडही पडले. दगड मारून भूक लागली, की माणसं इडलीच खात असणार; दुसरं स्वस्त काय होतं? तेव्हा 'हे परक्यांचं' म्हणून भांडलो, आता 'हे आमचंच' म्हणून भांडतो. दोन्ही भांडणांत एक प्रश्न कोणीच विचारला नाही.

तो प्रश्न असा: त्यात डाळ कुठं आहे?

कारण सांबार ही शेवटी डाळ आहे. आणि आज आपल्याकडं गावोगावच्या हॉटेलांत स्टीलच्या बादलीतून जे वाढतात, त्यात डाळ सोडून सगळं असतं. पाणी असतं, रंग असतो, गूळ असतो, भोपळ्याची एक फोड असते, ती सकाळपासून तीच असते. वर तरंगणारं शेवग्याचं बोटुक चावून कोणी आधी खाल्लंय की काय, अशी शंका यावी इतकं ते दमलेलं असतं. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, तेव्हा हे सांबार पातळ झालं. समजू शकतो. धंदा आहे. पण पुढच्याच हंगामात तूर अमाप पिकली. २०१७ साली बोनस धरून हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये, आणि बाजारात भाव त्याहून कितीतरी खाली. आमच्या मराठवाड्यातले शेतकरी खरेदी केंद्रापुढं पोती घेऊन रात्रंदिवस बसले. कधी बारदाना नाही, कधी काटा बंद. डाळ स्वस्त झाली. आता सांगा, सांबार घट्ट झालं का? कुठल्याही हॉटेलात झालं का? महाग डाळीनं पातळ झालेलं सांबार स्वस्त डाळीनं घट्ट होत नाही, हा अर्थशास्त्राचा नियम पुस्तकात नसेल, पण बादलीत आहे.

आणि हे कुठं? जिथं तूर पिकते तिथं! लातूरची तुरीची बाजारपेठ आणि डाळीच्या गिरण्या सगळ्या देशाला माहीत. आमच्याकडं सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर उभी असते. सोयाबीन निघून गेलं तरी ती मागं थांबते, थंडीत फुलते आणि संक्रांतीच्या मागंपुढं घरात येते. अशा मुलखातल्या माणसानं डाळीच्या पदार्थावर हक्क सांगायचा तर इतिहास कशाला हवा? डाळ शिजवावी.

ती शिजवायला फार अक्कल लागत नाही. मी शिकलो, यावरून ओळखा. चौघांना वाटीभर तूरडाळ अर्धा तास भिजवावी. हळद, हिंग आणि थेंबभर तेल घालून मऊ शिजवावी आणि घोटावी. चिंच लिंबाएवढी, कोमट पाण्यात. पण डाळ शिजल्याशिवाय चिंचेला तिच्याजवळ फिरकू देऊ नये. आंबट लागलं की डाळ अडून बसते, मग कितीही शिट्ट्या करा. ही मला म्हणते, "अहो, आधी शिजू द्या, मग आंबट बोला." हे डाळीबद्दल आहे की माझ्याबद्दल, याची मी चौकशी केलेली नाही.

मसाला ताजा. दोन चमचे धने, चमचाभर हरभऱ्याची डाळ, पाच-सहा सुक्या मिरच्या, पाव चमचा मेथ्या, चार मिरे, थोडं खोबरं. थेंबभर तेलावर मंद भाजायचं आणि वाटायचं. मेथ्या लाल झाल्या की थांबावं, काळ्या झाल्या की फेकाव्यात. शेवगा, भोपळा, वांगं, अख्खे छोटे कांदे आधी साध्या पाण्यात अर्धवट शिजवावेत. मग चिंचेचा कोळ, मीठ आणि बोटभर गूळ घालून कच्चट वास जाईपर्यंत उकळावं. मग डाळ, मग मसाला, आणखी पाच-सात मिनिटं. शेवटी मोहरी, सुकी मिरची, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी. वर कोथिंबीर, म्हणजे वैदर्भीय सांबार. झालं. सगळा खटाटोप तासाभराचा. बाकड्यावरचा वाद याच्या दुप्पट चालतो.

"एवढं कशाला, पाकीट मिळतं की," असं म्हणणारे असतातच. मिळतं. पण पाकिटात मसाला असतो, डाळ नसते. पाकिटावर चित्र घट्ट सांबाराचं असतं, ते डाळ घालणाऱ्याच्या भरवशावर छापलेलं असतं. आणि धने भाजल्याचा वास घरभर फिरतो तो पाकिटाच्या कोपऱ्याला कात्री लावून फिरत नाही. तो वास पोरांच्या नाकात बसला, की उद्या डबा उघडताना त्यांना लाज वाटणार नाही. उलट शेजारची पोर म्हणेल, "मला बी दे की वाईच."

तेव्हा पुण्याच्या पाहुण्यांना, बाकड्यावरच्या सहाजणांना आणि भिंतीपलीकडच्या काकूंना माझं हात जोडून सांगणं आहे. सांबार तामिळांचं म्हणा, मराठ्यांचं म्हणा, नाहीतर बोधनच्या माझ्या सासूबाईंचं म्हणा. ज्याच्या भांड्यात डाळ आहे त्याचं ते आहे, आणि ज्याच्या भांड्यात नुसतं पाणी आहे त्यानं वंशावळ सांगू नये. पुढच्या वेळी कोणी सांबाराचा इतिहास काढला, की त्याला एवढंच विचारा: घरी शेवटचं कधी केलं होतं, आणि डाळ किती घातली होती? उत्तर 'वाटीभर' असं आलं, तर त्याला सरकून बसायला जागा द्या. बाकड्यावर सातवा माणूस मावतो.