आधी उजेड ठरवा, मग रंग

टॅबलेटवर किंवा संगणकावर चित्रे काढणाऱ्यांमध्ये एका प्रश्नावरून कायम दोन तट पडलेले दिसतात. चित्र आधी काळ्या-पांढऱ्या-करड्या टोनमध्ये उभे करावे आणि रंग मागाहून भरावेत, की पहिल्या फटकाऱ्यापासून रंगातच काम करावे? रंगवाले म्हणतात, करड्यातून सुरू झालेले चित्र लांबूनही ओळखू येते. त्याचे रंग मळके असतात, सावल्या राखेसारख्या असतात आणि सगळे कसे जुन्या फोटोला हाताने रंग दिल्यासारखे दिसते. करडेवाले म्हणतात, टोन चुकला की रंग कितीही सुंदर असो, चित्र उभे राहत नाही. मी करड्या सुरुवातीच्या बाजूचा आहे. पण ही बाजू मांडायची तर तिच्याच काही कैवाऱ्यांनी पसरवलेला एक गैरसमज आधी खोडावा लागतो. विरोधकांचे निम्मे आक्षेप खरे आहेत. फक्त त्यांनी आरोपी चुकीचा पकडला आहे.

मूळ अडचण कुठे आहे ते आधी पाहू. रंगाला स्वतःचा एक उजळपणा असतो आणि रंग जितका भडक, तितका तो उजळपणा डोळ्यांना कळेनासा होतो. रंग निवडायची जी चौकट स्क्रीनवर उघडते, तिच्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचाही ब्राइटनेस 100 दाखवतात. नवख्याला वाटते, दोन्ही सारखेच उजळ. पण माणसाचा डोळा तांबडा, हिरवा आणि निळा प्रकाश सारख्या मापाने मोजत नाही. चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाचे करड्यात रूपांतर करताना साधारण तांबड्याला 30, हिरव्याला 59 आणि निळ्याला 11 टक्के वजन दिले जाते. पिवळा म्हणजे तांबडा अधिक हिरवा, म्हणजे 89. निळा अवघा 11. एक जवळजवळ पांढरा, दुसरा जवळजवळ काळा. शिकाऊ चित्रकार एकाच वेळी आकार, उजेडाची दिशा, वस्तूचा रंग, उजेडाचा रंग आणि भडकपणा असे पाच निर्णय घेऊ लागला, की पहिला बळी या उजळपणाचा जातो, कारण बाकी सगळे डोळ्यांत भरते आणि हा तेवढा भरत नाही. म्हणून तो वेगळा काढून आधी ठरवायचा. करड्या सुरुवातीचे सारे समर्थन एवढ्यातच आहे, आणि ते पुरेसे आहे.

सोलापूरकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. जेकार्डवर चादर विणण्याआधी तिची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून मांडत आले. प्रत्येक चौकोन एक तर भरलेला, नाही तर रिकामा. त्यावरून कार्डांना भोके पाडायची, आणि सूत लाल लावायचे की हिरवे हे नंतर. त्याच कार्डांवर वेगवेगळ्या रंगांच्या चादरी निघतात. मोर उठून दिसतो तो आधी त्या भरलेल्या-रिकाम्या चौकोनांमुळे, आणि मग सुतांच्या उजळपणातल्या फरकामुळे. जमिनीचे आणि नक्षीचे सूत सारख्याच टोनचे घेतले, तर दोन रंग कितीही वेगळे असोत, चार पावलांवरून मोर जमिनीत विरघळतो. दुसरे उदाहरण सोलापूरचे चित्रकार शशिकांत धोत्रे यांच्या कामाचे. काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढलेली त्यांची चित्रे महाराष्ट्राला माहीत आहेत. पांढऱ्या कागदावर काम करणारा सावल्या भरत जातो. काळ्या कागदावर काम करणाऱ्याला उजेड भरावा लागतो. तिथे कागद हाच सर्वांत गडद टोन असतो आणि पेन्सिलीचा प्रत्येक रंग त्या काळ्यापासून किती वर उचलायचा, हे ठरवल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. साडीच्या काठाची एखादी निरी उजेडात आली आणि शेजारची अंधारात गेली, हे त्या चित्रांत आपल्याला आधी दिसते; काठाचा रंग कोणता, हे आपण त्यानंतर पाहतो. धोत्रे यांचे माध्यम कागद आणि पेन्सिल आहे, स्क्रीन नव्हे. पण टॅबलेटवरच्या मुलाने करड्यातून सुरुवात करून जी शिस्त मिळवायची, ती हा काळा कागद सक्तीने शिकवतो.

आता मळक्या रंगांचा आक्षेप. तो खरा आहे, आणि कसा घडतो ते एका चित्रावर दाखवता येते. समजा, कोणी सिद्धेश्वर यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक रंगवायला घेतली आहे. संक्रांतीच्या दिवसांतले ऊन, पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसे, नंदीध्वजावर झेंडूचा हार. चित्रकाराने सगळे करड्यात नीट घोटले, उजेडाची बाजू, सावलीची बाजू, घड्या, चेहरे, सारे गोल गरगरीत. मग वर एक लेयर घेतला, त्याला ‘कलर’ मोड दिला आणि हारावर पिवळा फिरवला. हार पिवळा होत नाही. तो खाकी, शेवाळी होतो. कारण ‘कलर’ मोडचे कामच असे, की खालचा उजळपणा तसाच राखायचा आणि फक्त रंग बदलायचा. खाली पन्नास टक्के करडा असेल, तर वर तितक्याच उजळपणाचा पिवळा येणार, आणि पन्नास टक्के उजळपणाचा पिवळा म्हणजे खाकी. दोष करड्यातून सुरू करण्याचा नाही. दोष असा, की चित्रकाराने करड्यात फक्त ऊन-सावली दाखवली आणि वस्तूचा स्वतःचा टोन विसरला. झेंडू, बाराबंदी, काळी टोपी, धुळीची जमीन हे सगळे त्याने एकाच मातीचे पुतळे समजून रंगवले. झेंडूचा करडा मुळातच उजळ धरायला हवा होता. बाराबंदीचे उलटे आहे. कपडा पांढरा म्हणून तो सावलीतही पांढराच ठेवण्याकडे हात जातो, पण वाड्याच्या गडद सावलीतली पांढरी बाराबंदी भर उन्हातल्या धुळीच्या जमिनीपेक्षा काळोखी असते. रंगात काम करणाऱ्याला हे मान्य करणे फार जड जाते, कारण ‘पांढरे’ हा शब्द डोक्यात बसलेला असतो. करड्यात तो शब्द गळून पडतो आणि माप उरते.

राखेसारख्या सावल्यांचे कारण वेगळे आहे आणि तिथे मी रंगवाल्यांशी पूर्ण सहमत आहे. उघड्यावरची सावली म्हणजे ऊन वजा झालेला तोच रंग नव्हे. तिच्यावर आकाशाचा निळसर उजेड पडतो, आणि खाली वळलेल्या घड्यांवर तापलेल्या जमिनीचा पिवळट उजेड उसळून येतो. एका बाराबंदीच्या सावलीत निळा आणि मातकट असे दोन्ही राहतात. करड्या चित्रावर एकच रंग पसरला, की हे सगळे बुडते. म्हणूनच करड्याचे काम पूर्ण घोटून वर पातळ रंग चढवण्याच्या पद्धतीला माझा विरोध आहे. तिच्या समर्थनार्थ युरोपातल्या जुन्या तैलचित्रकारांचे दाखले दिले जातात: तेही आधी करड्यात रंगवत आणि वर पारदर्शक रंगांचे थर देत. दाखला खरा, लागू मात्र होत नाही. तैलचित्रात उजेड खरोखर त्या पारदर्शक थरातून आत जातो, खालच्या उजळ थरावर आपटतो आणि रंगून परत येतो. त्या रंगाची खोली त्या प्रवासातून आलेली असते. स्क्रीनवर कुठलाच थर नसतो. तिथे प्रत्येक ठिपक्यासाठी एक आकडेमोड होते आणि शेवटी एकच रंग प्रकाशतो. ‘ओव्हरले’, ‘मल्टिप्लाय’ ही त्या आकडेमोडीची सूत्रे आहेत. ती जुन्या तैलरंगांची वारसदार नव्हेत. करड्या चित्राने उजेड कुठे आणि किती एवढे सांगावे. तो उजेड कोणत्या रंगाचा, हे नव्याने, डोळे उघडे ठेवून, साध्या ‘नॉर्मल’ मोडमधल्या अपारदर्शक रंगाने रंगवायचे. करडा खाली दिसेनासा झाला तरी हरकत नाही. त्याचे काम झालेले असते.

याहून वजनदार आक्षेप असा, की काही चित्रांचा प्राणच रंगात असतो आणि करड्यात तो दिसतच नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा क्लोद मोनेचे 1872 मधले ‘इंप्रेशन, सनराइज’ हे चित्र. त्यातला नारिंगी सूर्य आणि भोवतीचे करडे-निळे आकाश यांचा उजळपणा जवळजवळ सारखा आहे. हार्वर्डच्या मेंदूवैज्ञानिक मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, हे चित्र काळ्या-पांढऱ्यात पाहिले तर सूर्य जवळपास नाहीसा होतो. त्याचे ते थरथरणे या सारखेपणातूनच येते. इथे करड्यातून सुरुवात करणारा सूर्याच्या जागी काहीच काढणार नाही, हे मान्य. अशा चित्राला रंगातून सुरुवात करणेच योग्य. पण सूर्याला आकाशाच्याच टोनवर आणून ठेवणे हाही टोनचाच निर्णय आहे, आणि तो टोनवर पक्की पकड असलेल्या माणसालाच घेता येतो. नवख्याच्या चित्रात सूर्य आणि आकाश सारख्या टोनचे होतात ते बहुधा नजरचुकीने. आपल्याकडचे चित्र घेऊ. सावळाराम हळदणकरांचे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात असलेले ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र: हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या कडांतून झिरपणारी ज्योतीची लाली. ती लाली करड्यात येत नाही. तरी काळ्या-पांढऱ्या छपाईतही ते चित्र उभे राहते. दिवा कुठे, चेहरा किती उजळला, अंधार कुठे सुरू होतो, हे सगळे शाबूत असते. उजेडाची मांडणी पक्की आहे म्हणून त्या बोटांची लाली नेमकी तिथे जाऊन आपल्याला चटका लावते. मांडणी ढिली असती तर तोच लाल एक डाग ठरला असता.

छायाप्रकाशाचा हा सगळा खटाटोप विलायती आहे, भारतीय चित्र सपाट रंगांचे आणि रेषेचे, असेही काही जण म्हणतात. हे अर्धवट माहितीवर बोलणे आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायेच्या कामाला ‘वर्तना’ असे नाव आहे, तिचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि तिची पारख जाणकारांकडे दिली आहे. रंगांच्या श्रीमंतीवर भुलणे सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला ठेवले आहे. अजिंठ्यातल्या चित्रांत नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर उजळ रंगाने उठाव आणलेला स्पष्ट दिसतो. ज्यांना सपाट रंगांचे चित्र काढायचे आहे त्यांनी जरूर काढावे, पण सपाट रंगांनाही टोन असतो आणि दोन सपाट रंग शेजारी आले की कोण पुढे येणार ते तोच ठरवतो.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: करड्यात सुरुवात कशाला, रंगात काम करून मधूनमधून चित्र काळ्या-पांढऱ्यात पाहिले की झाले, बटण तर हाताशी आहे. अनुभवी माणसाला हे पुरते, मी नाकारत नाही. शिकणाऱ्याला पुरत नाही, कारण तपासणी चूक दाखवते, निर्णय शिकवत नाही. आणि तोवर रंगांत इतका जीव गुंतलेला असतो, की चूक दिसूनही हात उचलवत नाही. शिवाय बटण कोणते, हेही पाहावे लागते. फोटोशॉपमधले ‘डीसॅच्युरेट’ हे फसवे आहे. ते सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्याची सरासरी घेते, त्यामुळे शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही एकाच मधल्या करड्यावर येतात. त्यावर विसंबून टोन तपासणारा स्वतःची दिशाभूल करून घेतो. तपासायचेच तर सर्वांत वर काळ्याने भरलेला लेयर ठेवून त्याला ‘कलर’ मोड द्यावा. मग पिवळा उजळ आणि निळा गडद असा खरा हिशेब समोर येतो. हारावर जो मोड घात करतो, तोच इथे कामाला येतो.

चित्रकला शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुले वस्तुचित्राचा सराव करतातच. त्यातली पुष्कळ आता हातात स्टायलसही धरतात. त्यांना पहिले काही आठवडे रंगांची चौकट बंद ठेवायला सांगा. चित्र तळहाताएवढे, टोन तीन किंवा चार, त्याहून जास्त नकोत, आणि प्रत्येक वस्तूचा स्वतःचा टोन आधी ठरवायचा, मग तिच्यावरचे ऊन. घोटत बसू देऊ नका. मांडणी दुरून वाचता आली की तिथेच थांबवून नवा लेयर उघडायला लावा, मोड ‘नॉर्मल’ ठेवायला सांगा आणि सावलीत कोणता रंग दिसतो ते खिडकीबाहेर पाहून रंगवायला लावा.