मूळ भाग की मूळ काम?

जुन्या मोटारींच्या बाबतीत आपल्याकडे एक विचित्र सौंदर्यदृष्टी रूढ झाली आहे. रंग चकचकीत हवा, बंपरवरचे क्रोम आरशासारखे हवे, आसनांचे कातडे नवे हवे. इंजिन मात्र ‘सुरू होते ना’ एवढ्या एकाच परीक्षेत उत्तीर्ण झाले की पुरे. या दृष्टीचा हमखास बळी म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावर बसणारा हार्मोनिक बॅलन्सर. आपले मिस्त्री त्याला नुसते ‘पुली’ म्हणतात, आणि अनर्थाची सुरुवात या नामकरणातच आहे.

काही महिन्यांपूर्वी क्रांती चौकात उड्डाणपुलाच्या सावलीत एका परिचितांची शेवरोले उभी होती. मुंबईला शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्स १९२८ ते १९५४ या काळात गाड्या जोडीत असे. ही त्यांतलीच, अखेरच्या वर्षांतली. दहा-बारा जण फोन काढून छायाचित्रे घेत होते. बॉनेट उघडे होते आणि पंख्यामागे बॅलन्सरचे बाहेरचे कडे डुलत फिरत होते. मालकांना विचारले, तर म्हणाले, “मिस्त्री म्हणतो रबर गेलंय. वेल्डिंग मारून देतो, मग आयुष्यभर बघायला नको.” शेजारी एक जाणकार उभे होते. त्यांचा सल्ला नेमका उलटा: “हात लावू नका, कंपनीचा भाग आहे.”

हे दोन्ही सल्ले सारखेच घातक आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्यात तीन स्फोट होतात. मिनिटाला २००० फेरे धरले तर सेकंदाला १०० तडाखे. प्रत्येक तडाख्याने तो लांब दांडा किंचित पिळला जातो आणि उलट सुटतो. काही ठरावीक फेऱ्यांवर या पिळाची लय दांड्याच्या अंगच्या लयीशी जुळते, आणि मग पीळ वाढत जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सहा सिलिंडरच्या गाड्यांचे क्रँकशाफ्ट याच कारणाने तुटू लागले, तेव्हा इंग्लंडात रॉइस आणि लँचेस्टर यांनी आपापल्या परीने त्यावर उपाय शोधले. आज ज्याला आपण बॅलन्सर म्हणतो तो त्याच उपायांचा वंशज. मध्ये हब, बाहेर जड कडे, आणि दोहोंच्या मधोमध रबर. कडे आपल्या जडत्वाने सम गतीने फिरू पाहते, हब हिसके देतो, आणि ती ओढाताण रबर स्वतःत जिरवून तिची उष्णता करते. म्हणजे काम करते ते रबर. लोखंड केवळ साहाय्यक.

हब आणि कडे वेल्ड केले म्हणजे काय होते? डुलणे थांबते, आवाज थांबतो, मालक प्रसन्न होतात. पण पीळ जिरवणारे काही उरत नाही, उलट कड्याचे सारे वजन दांड्याच्या टोकाला घट्ट बांधले जाते. आपल्या बहुतेक मिस्त्रींचा हात पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडरवर बसलेला आहे. चार सिलिंडरांचा आखूड दांडा इतका पिळला जात नाही, तेथे पुली ही पुलीच असते. त्यामुळे त्यांचा दोष समजण्याजोगा आहे.

अस्सलपणाच्या पुजाऱ्यांचा दोष मात्र समजण्याजोगा नाही. सत्तर वर्षांचे रबर तेलाने, उष्णतेने आणि हवेने कडक होते, भेगाळते. गाडी वर्षातून दोनदाच बाहेर काढली म्हणून ते थांबत नाही. रबर सुटले की कडे घसरते. ज्या इंजिनांत टायमिंगची खूण कड्यावर असते तेथे खूणही खोटे बोलू लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले, त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, सांगाडा वा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. या अटीचा बाऊ करून मेलेले रबर जपणाऱ्यांनी एवढेच सांगावे: मूळ क्रँकशाफ्ट मोडून दुसरे इंजिन बसवावे लागले, तर मूळ काय उरले? टायर बदलताना यांपैकी कोणाची निष्ठा आडवी येत नाही.

योग्य मार्ग तिसराच आहे. मूळ हब आणि मूळ कडे ठेवायचे, जुने रबर पूर्ण काढायचे, आणि योग्य कडकपणाचे नवे रबर दोहोंच्या मध्ये पक्के बसवून घ्यायचे. कडकपणा महत्त्वाचा, कारण लय त्यावरच जुळते. हाताला लागेल ते रबर कोंबणे म्हणजे वेल्डिंगचाच सभ्य अवतार. हबवर ऑइल सीलने चर पाडली असेल तर तीवर पातळ स्लीव्ह चढवता येते. परदेशांत हे काम करणारी दुकाने आहेत. आणि ज्या शहराच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा वसाहतींत वाहनांचे सुटे भाग बनतात, तेथे हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. अडचण कौशल्याची नाही. क्रोमसाठी खुशीने पैसे मोजणारा मालक न दिसणाऱ्या रबरासाठी घासाघीस करतो, ही आहे.

शेवरोलेबद्दल एक सांगायचे राहिले. तिचा बॅलन्सर दांड्यावर दाबून बसवलेला असतो, पुढे बोल्ट नसतो. काढताना पुलर हबलाच लावावा. कड्याला लावला तर रबर फाटते. बसवताना ठोकू नये, कारण तो मार थेट थ्रस्ट बेअरिंगला बसतो. मिस्त्रीने हातोडा मागितला, तर गाडी तशीच टो करून घरी आणावी.